दोनशे बाराव्या पानानंतर

प्रिय दादा,

टाळाटाळ करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुला सांगायला नको. चार वर्षं हे पत्र मी उद्यावर ढकलतेय. कधी पेन नव्हतं, कधी पत्ता बदलला, आणि एकदा चांगलं दीड पान लिहून झालं होतं तर त्याच कागदाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. यातलं एकही कारण खोटं नाही, पण खरं कारणही यात नाही. आज मात्र लिहायलाच हवं. आत्ता साडेबारा वाजलेत. चार वाजता टेम्पो येणार आहे, आणि त्याच्या आत मला एका बाईला एक गोष्ट सांगायची आहे. कशी सांगायची ते कळत नाहीये. ज्याला कळेल असा माणूस मला जगात एकच माहीत आहे. रागाव हवं तर, पण फाडू नकोस, वाच.

आधी मी काय करते ते सांगते, म्हणजे तू जरा हसशील. मी जाळी विणण्याच्या शेडमध्ये नोकरीला आहे. विणत नाही, वाचते! लांबलचक शेड, पत्र्याचं छप्पर, भिंतीला लोखंडी खुंट्या, खुंट्यांना टांगलेली मासेमारीची जाळी आणि त्यांच्यापुढे बाकांवर तीसेक माणसं, बहुतेक बायकाच. यंत्र एकही नाही. नुसती सुया सरकल्याची खसखस. असल्या कामात हात चालतात आणि डोकं रिकामं राहतं, आणि रिकामी डोकी एकमेकांच्या सुना-जावयांवर घसरतात. म्हणून फार पूर्वी कुणीतरी इथे पद्धत पाडली. एकाने मधल्या स्टुलावर बसून पुस्तक वाचायचं, आणि बाकीच्यांनी रोज दोन-दोन ओळी त्याच्या नावाने विणायच्या. संध्याकाळी एक गाठही न मारता माझ्या वाट्याचं जाळं तयार! नियम एकच. छापलंय तेच वाचायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. मुकादमबाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "आमच्या ओळीत सुटलेली गाठ चालत नाही, तुझ्याही चालायची नाही." मी इथे तीन दिवसांसाठी दोऱ्याची रिळं उचलायला आले होते. वर्ष झालं. एका जागी वर्ष, मी! विश्वास बसतोय का?

शाळेतून पळून जाणारी तुझी बहीण वाचून पोट भरते, याचं श्रेय कुणाचं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. मी आठ वर्षांची होईपर्यंत मला एक ओळ वाचता येत नव्हती. पण आईचं पत्र आलं की तू ट्रंकेवर बसायचास, मी खाली फरशीवर, आणि तू वाचायला लागलास की मी डोळे मिटून घ्यायचे. मिटल्या डोळ्यांनी वाचन, माझं पहिलं वाचन ते. आई परगावी ज्या घरी कामाला होती तिथली मालकीण, जी चष्मा कपाळावर ठेवून सगळ्यांना चष्मा शोधायला लावायची. तिथलं मांजर, ज्याला शिंक आली की घरातले सगळे हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायचे. मी पोट धरून हसायचे. आणि शेवटी दर वेळी, "भिंगरीला सांग, अंगणातलं झाड खिडकीला लागलं की मी आलेच." मी दोरी घेऊन ते झाड मोजायचे. दर रविवारी. एकदा वरून ओढूनही बघितलं, फांदी हातात आली. ते तुला कधी सांगितलं नाही.

ती पत्रं स्वतः वाचायची म्हणून मी अक्षरं शिकले. शाळेला चार वर्षांत जमलं नाही ते तीन महिन्यांत झालं. तू म्हणायचास, आईचं अक्षर गिचमिड आहे, तुला लागायचं नाही, आधी छापील वाच. म्हणून मी छापील दिसेल ते वाचत सुटले, डब्यावरचं, भिंतीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं. पुढचं आत्ता नको. थोडं थांब, येतेच तिकडे.

तर वाचन. तेही माझ्यासारखंच, एका ठिकाणी टिकलं नाही. बाराव्या वर्षानंतर मी पहारेकऱ्यासारखी वाचायचे. ओळीखाली बोट ठेवून, प्रत्येक शब्द तपासत. कुणी मोठ्याने वाचून दाखवायला लागलं की उठून जायचे. घर सोडल्यावर भूक लागल्यासारखं वाचलं. बसस्टँडवर, धर्मशाळेत, एका गॅरेजच्या पहारा-खोलीत. पहिली चाळीस पानं नसलेली, कव्हर नसलेली, कुणी विसरून गेलेली पुस्तकं. मिळेल तिथून सुरू करायचं आणि गाडी आली की तिथेच ठेवून निघायचं. शपथेवर सांगते, एकही शेवटपर्यंत वाचलं नाही. इथे आले तेव्हा पहिल्यांदा हळू वाचावं लागलं, कारण तीस जण ऐकतात. पण एक खोड गेली नाही. मी आदल्या दिवशी पुढचं पान चाळून ठेवत नाही. त्यांना जे कळेल ते मलाही त्याच क्षणी कळायला हवं, अशी माझी ऐट. मुकादमबाई दोनदा बोलल्या, "अगं, आधी नजर टाकत जा." मी कुठली ऐकतेय!

तिसऱ्या बाकावर एक मावशी बसतात. माझी जागा त्यांच्या बरोबर समोर. वय सत्तरीला टेकलेलं, छाती कमजोर, पण गाठ अशी मारतात की दातांनी सुटायची नाही. अक्षरओळख नाही. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी घरी भांडून गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. मुलगी दुसऱ्या गावी असते, सरळ बाई, जिभेने तेवढी तिखट. ती दोन वर्षं मागे लागली होती, की तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली सोड आणि माझ्याकडे चल. शेवटी मावशी तयार झाल्या. या महिनाअखेरीस, म्हणजे आज, खोली सोडायची ठरलं. मालकाला तसं सांगून झालं.

आणि मी ते पुस्तक वाचायला घेतलं. कपाटात होतं म्हणून घेतलं, दुसरं काही कारण नाही. खाणीत कामाला गेलेल्या मुलाची आणि मागे राहिलेल्या आईची गोष्ट. तो कधी परत येतो याच्यावर सगळी शेड टांगणीला लागलेली. मावशी तर दुपारच्या चहालाही उठायच्या नाहीत, म्हणायच्या, "तो तिकडे अंधारात आहे आणि मी चहा पिऊ होय?" दोनशे बाराव्या पानावर आई दाराची कडी काढते. मी पुढच्या पानावर नजर नेली. बाहेर खाणीचा मुनीम उभा, हातात मुलाची टोपी बांधलेलं गाठोडं. मी ते मनात वाचलं आणि मान वर केली. का केली कोण जाणे. समोर मावशींची सुई हवेत थांबलेली. ओठ थोडे उघडे. दादा, माझ्या तोंडून जे आलं ते पानावर नव्हतं. मी वाचलं, "बाहेर तो उभा होता. वाळलेला, दाढी वाढलेली, पण तोच."

शेडमध्ये असा हलकल्लोळ झाला की मुकादमबाईंनी हाक मारूनही थांबेना. मावशी रडत नव्हत्या, नुसत्या मान हलवत होत्या, आपण आधीच सांगितलं होतं ना, अशा. आता यातून बाहेर कसं पडायचं? पुढची नव्वद पानं त्या आईच्या दुःखाची आहेत. मी अकरा दिवस ती नव्वद पानं समोर धरून वेगळंच पुस्तक वाचलं. त्या मुलाला आंघोळ घातली, त्याला रागावले, त्याचं लग्न ठरवलं. पानं वेळेवर उलटायचं ध्यान ठेवावं लागे. एकदा दोन पानं पटापट उलटली तर मागच्या बाकावरून आवाज आला, "काय गं, आज छापणाऱ्याने अक्षर मोठं केलंय वाटतं!" सगळे हसले. मीही हसले, आणि पुढचं पान मुद्दाम सावकाश उलटलं. रात्रभर नाही, पण पहाटे उठून त्या दिवसाचं जुळवायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी एक पुस्तक शेवटापर्यंत नेलं, आणि ते कुठे अस्तित्वातच नाही.

मागच्या सोमवारी पुस्तक संपलं. मंगळवारी मावशींनी मुलीला निरोप धाडला, मी येत नाही. मालकाला सांगितलं, खोली सोडत नाही. "उद्या तो आला आणि दाराला दुसऱ्याचं कुलूप दिसलं तर? त्या पुस्तकातली बाई दार सोडून गेली असती तर काय झालं असतं?" हे त्या मलाच विचारत होत्या! मी सांगितलं नाही. म्हटलं उद्या सांगू. परवा खाली रस्त्यात कुणीतरी त्यांच्या मुलासारख्या आवाजात हाक मारली, म्हणून त्या तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरत धावत निघाल्या आणि मधल्या वळणावर पडल्या. घोटा सुजून एवढा झालाय. कपाळाला दोन टाके. डॉक्टर म्हणाले, अशा छातीने, तो जिना चढत-उतरत एकटीने राहणं म्हणजे पुढच्या वेळी टाके घालायलाही कुणी बोलावणार नाही. मुलगी काल धावत आली. शेडमध्ये येऊन मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तर ती माझे हात धरून म्हणते, "ती तुझं ऐकते. तू समजाव. मी उद्या चारला टेम्पो घेऊन येते. उद्या नाही निघाली तर मी पुन्हा न्यायला यायची नाही, माझ्यानेही होत नाही आता." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी फार पटाईत झालेय.

आता सव्वादोन. शेडला आज सुट्टी, मी वरच्या माझ्या खोलीत आहे, पुस्तक समोर उशीवर. तीनला निघून मावशींकडे जायचं आणि दोनशे तेरावं पान आहे तसं वाचायचं, एवढंच करायचं आहे. मग शेडमध्ये मला कुणी स्टुलावर बसू देणार नाही, ते ठीक आहे. भीती त्याची नाही. मावशींचा चेहरा मला दिसतोय, आणि तो कसा दिसेल हे मला नीट माहीत आहे. कारण तो माझाच होता.

मी बारा वर्षांची असताना ट्रंक उघडली, तेव्हा त्यात तीन पत्रं होती. तीनच. तिसऱ्यात आईने लिहिलं होतं, की मी इथे दुसरं घर केलंय, माझी वाट बघू नका, पोरीला तूच काय ते सांग. बाकी तुझे सगळे कागद विजेच्या बिलांचे, मागून कोरे. इतकी वर्षं तू कोऱ्या कागदाकडे बघून वाचत होतास. मी ते कागद तुझ्या अंगावर फेकले आणि पुढची सहा वर्षं तुझ्याशी कामापुरतं बोलले, मग तेवढंही नाही. मला वाटायचं, तू मला फसवलंस. फसवलंसच. मी त्या झाडाखाली जे रविवार घालवले ते मला कुणी परत देऊ शकत नाही, म्हणून तर मला आज मावशींकडे जायलाच हवं. पण त्या दिवशी शेडमध्ये मान वर केल्यावर मला काय दिसलं, ते तुलाही दिसलं असणार. फरशीवर बसलेली, डोळे मिटलेली मी. तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास. आणि दादा, ते मांजर, तो कपाळावरचा चष्मा, हे सगळं तुझं होतं! मला वाचायचं वेड ज्या वाक्यांनी लावलं ती आईची नव्हतीच कधी. हे कळायला मला तीस माणसांसमोर तोंडघशी पडावं लागलं. हे पत्र त्यासाठी. माफी मागायला आणि द्यायला, आणि हे विचारायला, की तू कधी सांगायचं ठरवलं होतंस? सांगण्यासाठी कसली वाक्यं जुळवली होतीस? मला ती हवी होती. आता उत्तर वेळेत यायचं नाही, तेव्हा माझं मीच बघते.

तुझीच,
भिंगरी

ता. क. पाकिटात घालत होते, तोवर लोखंडी जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, मग थांबा, मग एक पाऊल. मावशी आल्यात! त्या सुजलेल्या पायाने, कठड्याला धरून, एकट्या. धाप लागलीय, बोलवत नाही. पाणी दिलं. म्हणाल्या, "जाते मी पोरीबरोबर. तिचा जीव तुटतो. पण खोली तुझ्या नावाने ठेवायचं मालकाकडून कबूल करून घेतलंय. तू राहा तिथे. तो आला की दार तू उघड, पुस्तकातल्यासारखं. तू काही आता भटकायची नाहीस." आणि पदराची गाठ सोडून किल्ली काढली आणि उशीवरच्या पुस्तकावर ठेवली. पुस्तक उघडायचं तर मला आधी ती उचलावी लागेल. मी लिहितेय हे बघून त्या खाटेच्या कडेला टेकल्यात. "होऊ दे तुझं सावकाश," म्हणतात. "मला थांबायची सवय आहे."