तू न सोललेला शब्द

आई, वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई माझी वाट बघते आहे आणि मी खाली, हॉस्पिटलच्या फाटकाशी, चहाच्या गाडीजवळच्या बाकावर बसून तुला लिहितो आहे. लातूरकडची आहे. पुतण्या इथं चेन्नईत नोकरीला, म्हणून पोटातली गाठ घेऊन इतक्या लांब आली. तिच्या फाइलवर डॉक्टरांनी एक इंग्रजी शब्द लिहिलाय आणि त्याचा अर्थ तिला माझ्याकडून हवाय. नवऱ्यानं मला जिन्यात गाठून सांगितलं, "ताकदीचं औषध आहे म्हणा भाऊ. बाकी काही बोलू नका." डॉक्टरांना विचारलं तर ते इथल्या पद्धतीनं मला धाकटा भाऊ करून म्हणाले, "घरचे ठरवतील, तंबी. तू फक्त भाषांतर कर." मग काल मी तिला 'उद्या सांगतो, मावशी' म्हणून निसटलो. उद्या म्हणजे आज. शब्द आहे 'पॅलिएटिव्ह'. तुला तो येत होता.

माझं हे काम तुला आवडलं असतं की नाही, कोण जाणे. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं. मग रामेश्वरम, पाँडिचेरी, कुरियरच्या पिशव्या, सिरुसेरीला एका मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं उचलणं. कुठं टिकलो नाही. आता दुभाष्या आहे. उत्तरेकडून पेशंट येतात, त्यांना तामिळ येत नाही, इथल्यांना हिंदी येत नाही, मी मध्ये उभा. गळ्यात कार्ड आहे. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहतो, म्हणजे नाव मॅन्शन, खोली इतकी की दार उघडलं तर खाट बंद करावी लागते. बाबा रिटायर होऊन सांगलीला गेले. फोनवर आम्ही ऊन किती आहे ते एकमेकांना सांगतो. मराठी बोलायचं तेवढंच. म्हणून असेल, या मावशीनं पहिल्या दिवशी "लेकरा, पाणी दे रे जरा" म्हटलं तेव्हा मी पाणी आणायचं विसरून नुसता उभा राहिलो.

कुठून कुठं गेलो. तुझं स्वयंपाकघर सांगायचं होतं. इथल्याच क्वार्टर्समधलं, फॅक्टरीचा भोंगा ऐकू येणारं. तू हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून आलीस की पांढऱ्या साडीवरच कुकर लावायचीस आणि शेंगा सोलाव्यात तसे शब्द सोलायचीस. चकलीच्या डब्यावर चिकटपट्टी लावून तू लिहिलं होतंस 'एसओएस'. जहाज बुडतंय असं नाही रे, तू सांगायचीस, चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात ते, लॅटिनमध्ये 'गरज पडली तर'. मी डब्याभोवती फिरतो आणि दर तासाला गरज पडल्याचं कळवतो. "तुझी गरज क्रॉनिक आहे," तू म्हणतेस, आणि लगेच सोलतेस: क्रोनोस म्हणजे काळ, ग्रीक, काळासारखं रेंगाळणारं ते क्रॉनिक. बाबांना जेवायला हाक मारायची तर 'स्टॅट!' म्हणजे ताबडतोब. बाबा पेपर खाली न करता म्हणतात, "मी काय इमर्जन्सी आहे का?" तू म्हणतेस, "तुम्ही नाही. भात."

एकदा मी दंड फुगवून दाखवला तेव्हा तू सांगितलंस, मसल म्हणजे मूळ लॅटिनमध्ये छोटा उंदीर. त्या लोकांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला. आणि आपण म्हणतो बेटकुळी, म्हणजे बेडूक. महिनाभर मी शाळेत सगळ्यांचे दंड दाबून उंदीर की बेडूक ते ठरवत होतो. तेव्हाच कधीतरी शेजारच्या मामी मामांचा रिपोर्ट घेऊन आल्या. मी मधे तोंड घातलं, 'इडिओपॅथिक म्हणजे डॉक्टरला काही कळलेलं नाही.' शब्दाचा अर्थ बरोबरच होता. मामींचा चेहरा पांढरा पडला. त्या गेल्यावर तू म्हणालीस, "आधी समोरचं माणूस बसलंय का बघ. पाणी प्यायलंय का बघ. मग बोल. अर्थ काय पळून जातोय?" तू रागावलीस की आवाज खाली यायचा. त्या दिवशी फार खाली आला होता.

आणि मग तू ड्यूटी करायचीस त्याच हॉस्पिटलात आडवी. तुझ्याच मैत्रिणी सलाइन बदलायला येतात, सिनेमाच्या गोष्टी करतात, तुझ्याकडे बघत नाहीत. खाटेच्या पायाशी पाटी, एनबीएम, तोंडानं काही द्यायचं नाही. "कडक उपास," तू मला म्हणालीस, "पण देव कुठला ते लिहिलेलं नाही." मी हसलो. मग कागदावरचा एक लांबट शब्द अक्षरं लावून वाचला आणि नेहमीसारखा तुझ्यापुढं धरला, सोल म्हणून. तू खिडकीकडे बघितलंस. "हा मला येत नाही रे," म्हणालीस. "तू जेवलास का?"

मी विश्वास ठेवला. तुला एक शब्द येत नाही याचं मला थोडं बरंसुद्धा वाटलं होतं.

पुढं कितीतरी वर्षांनी, इथल्या गल्लीतल्या एका ब्राउझिंग सेंटरमध्ये रामेश्वरमच्या गाडीची वेळ बघायला बसलो आणि ती राहिली बाजूला, मी तो शब्द टाइप केला. पॅलियम. लॅटिन. अंगावर घ्यायचं वस्त्र, पांघरूण. रोग बरा करायचं आता सोडून दिलंय, माणसाला थंडी वाजू नये एवढं बघायचं. दुकानवाला "टाइम ओव्हर, बॉस" म्हणाला तरी मी उठेना. म्हणजे तुला माहीत होतं. बाबांनाही तू कळू दिलं नाहीस. परवा-परवापर्यंत ते फोनवर म्हणायचे, "तिला बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं तरी बरं झालं." बाबा तुझ्यापासून लपवत होते, तू बाबांपासून, आणि मी पायाशी बसून उपासावर हसत होतो. त्या शब्दात तू एकटीच होतीस, आई. किती दिवस ते मी कधी मोजलं नाही.

चहावाला विचारतोय, "तंबी, इन्नोरु टी?" आणखी एक घेतो.

इथवर काल लिहिलं. आज मरीनावर बसलोय, कागद वाळूनं खरखरतायत.

काल वर गेलो. नवरा औषधं आणायला गेला होता. मावशी उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "आलास व्हय? मला वाटलं पळाला."

"पळणारच होतो, मावशी."

"बस. काय लिवलंय त्यानं?"

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. शब्द जुना आहे, त्याच्या पोटात पांघरूण आहे. दुखू नये, झोप लागावी, याची औषधं देतील.

"आन् गाठ?"

"गाठीला आता हात लावणार नाहीत."

तिनं चादरीचा काठ चिमटीत धरून बघितला. मग म्हणाली, "पांगरूनच घालायचं तर हितं कशाला रे? घरी गोधड्या काय कमी हायेत?"

तेवढ्यात नवरा आला. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. "तुम्हाला काय सांगितलं होतं मी? काय सांगितलं होतं?" पिशवीतली औषधं खाली पडली. मी उचलायला वाकलो तर त्यानं हात झिडकारला. मला वाटलं, गेलं कार्ड. पण मावशीच बोलली, "त्या लेकराला कशाला बोलता? मला कवाचं ठावं हाय. तुमालाच सांगायचं राहिलं हुतं." तो खाटेवर बसला. इतका मोठा माणूस, तिच्या पायांवर हात ठेवून लहान आवाजात रडायला लागला, आणि ती म्हणत होती, "तिकिटाचं बघा. पुतण्याला फोन लावा." मी पहिल्यांदाच दोघांना एकमेकांकडे नीट बघताना पाहिलं.

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा तिनं हाक मारली.

"हे शब्दांचं तुला कुनी शिकवलं?"

"आईनं. नर्स होती. याच आजारानं गेली."

"मग तिला कुनी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो. "मीच सांगितलं. बसून, नीट."

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. तिनं मान डोलावली. "बेस केलंस. आईला एकलं ठिवलं न्हाईस." मग उशाखालच्या डब्यातून शेंगदाण्याचे दोन लाडू काढून माझ्या हातावर ठेवले. मला परत करता आले असते. जिन्यातच उभं राहून दोन्ही खाल्ले.