चिमीच्या सोबतीला भूगोल

१२ जून, सकाळ
निश्चय पक्का. चिमी यंदा बारावीला, खास विषय भूगोल. मीसुद्धा बाहेरून बारावीच्या भूगोलाला बसणार. माझ्या बारावीला तेवढाच विषय राहिला होता, तोही पोट बिघडल्यामुळे. पण खरं कारण चिमी. तिची आई गेल्यापासून पोरगी अबोल झालीय, दार लावून एकटीच वाचत बसते. सोबत हवीय तिला. बोलून दाखवत नाही, पण बापाला कळतं.
रोज पहाटे पाचला उठणे. रोज एक धडा.

१३ जून
साडेसातला उठलो. काल मोठ्या दवाखान्याची लिफ्ट अडकली होती. लिफ्ट मेकॅनिकला कसली आलीय पहाट! उद्यापासून नक्की.
ताई (माझी थोरली बहीण, ही गेल्यापासून आमच्याकडेच असते) म्हणाली, पोरीला तिचा अभ्यास करू दे, तू आपल्या लिफ्टा बघ. ताईला शिक्षणाचं महत्त्व कधी कळलंच नाही.

२ जुलै
समोच्च रेषा. चिमीला समजाव्यात म्हणून बटाट्याचा डोंगर केला, आडव्या चकत्या कापल्या, प्रत्येकीवर पेनाने उंची लिहिली. चिमी म्हणाली, बाबा, हे आम्हाला नववीतच झालं. पण हसली. किती दिवसांनी हसली! तेवढ्यात ताईने डोंगर शिजायला टाकला.
चिमीने मग दार लावून घेतलं. पंख्याच्या आवाजाचा मला त्रास नको म्हणून असेल.

१९ ऑगस्ट
शाळेचं फील्डवर्क होतं, ओढ्यावर. रजा टाकून गेलो. पाण्याचा वेग मोजायचा होता: एकाने वरून बूच सोडायचं, दुसऱ्याने खाली पकडायचं. पकडायला मी. बूच गेलं, पाठोपाठ मीही गेलो. कमरेपर्यंतच पाणी होतं, पण पोरांना हसायला तेवढं पुरलं.
भूगोलाच्या बाईंनी चिमीला विचारलं, हे कोण? चिमी म्हणाली, "बाहेरून बसलेत परीक्षेला."
हुशार पोरगी. शाळेत नाती सांगत बसू नये, ओळखीने मार्क मिळाले म्हणतात लोक.
सर्दी झालीय. दोन दिवस धडा बंद.

७ ऑक्टोबर
चिमी हल्ली संध्याकाळी बाईंच्या घरी अभ्यासाला जाते. घरात पुस्तकांना जागा नाही, हेच कारण. म्हणून रविवारी तिच्या खोलीत फळी ठोकली. पुढे इथल्याच कॉलेजात जाईल, चालत दहा मिनिटं, तेव्हा पुस्तकं वाढणारच.
फळी तिरकी लागली. भिंतच तिरकी आहे.

२४ नोव्हेंबर
स्थलांतराचा प्रकल्प. चिमी आपणहून माझ्याजवळ येऊन बसली! विचारलं, बाबा, माणसं घर सोडून का जातात? मी धडाधड सांगितलं: नोकरी, दुष्काळ, युद्ध, पूर. ती म्हणाली, "आणि घरात जीव गुदमरत असेल तर?" मी म्हटलं, खिडकी उघडावी. तिने लिहून घेतलं नाही. पुस्तकाबाहेरचं उत्तर होतं ना.
जाता जाता म्हणाली, परदेशातल्या एका स्कॉलरशिपला अर्ज केलाय. चांगलंय, अर्ज करायचा सराव होतो.
रात्री ताईने डोळे पुसले. या वयात डोळ्यांना पाणी येतंच. चष्म्याचा नंबर बघायला हवा.

६ मार्च
पेपर झाला. चिमीचं सेंटर वेगळं निघालं. मी उगाच सगळ्या बाकांवरून नजर फिरवली.
पेपर मस्त गेला. वेळ तेवढा कमी पडला, शिवाय नकाशा, आणि दुसरा प्रश्न. लोकसंख्येचा मनोरा काढायचा होता. लिफ्टच्या शाफ्टसारखा सरळसोट आला, पण नीटनेटका आला.

३० मे
निकाल. चिमी शाळेत पहिली! माझा राहिला. फेरतपासणीला टाकीन.
स्कॉलरशिपही मिळाली म्हणे. चिमीने ताईला सांगितलं, ताईने मला. मला एकदम धक्का बसू नये म्हणून तिने असं केलं असणार. अजून जायचं ठरलेलं नाही. व्हिसा, तिकीट, हजार भानगडी असतात. मुलं ऐन वेळी मन बदलतात.

१४ ऑगस्ट
विमानतळावर सोडून आलो.
ताई बाकावर बसली होती. चिमी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आई गेल्यावर तू रोज माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचास. मला रडताही यायचं नाही."
मी म्हटलं, "अगं, मग सांगायचंस ना. मीही रडलो असतो तुझ्याबरोबर."
ती म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं."
मग गळ्यात पडली. मी म्हटलं, खिडकीजवळची जागा माग, वरून नद्यांची वळणं दिसतात. बरं सुचलं ऐन वेळी.
ती घाईत होती. घाईत माणूस काहीही बोलतो.

३ सप्टेंबर, रविवार
चिमीला अचानक फोन करून चकित करायचं ठरवलं. तिकडची वेळ कुणाला न विचारता रेखांशावरून काढली. आमच्याकडे दुपारचे बारा, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. जेवून निवांत बसली असेल.
पहिल्या रिंगला उचलला. "बाबा? काय झालं? आत्या कशी आहे? तू बरा आहेस ना?"
तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. पश्चिमेला वेळ वजा करायची असते, मी मिळवली.
तिची आई गेली तेव्हा हॉस्पिटलमधून असाच अवेळी फोन आला होता. मी कामावर होतो. उचलला होता चिमीनेच.
म्हटलं, काही नाही गं, सगळं ठीक आहे, चुकून लागला. ती रडायला लागली. बराच वेळ रडली. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक आठवेना. फोन कानाला धरून बसून राहिलो.
शेवटी तीच म्हणाली, "झोपू का रे आता?" म्हटलं, झोप.
ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, कशी आहे चिमी?
ते विचारायचंच राहिलं.