मुलं बोलली तशी

माजलगाव
सोमवार, १९ मे २०२५

सत्यशीला,

नमस्कार. चकलांब्याला सुखरूप पोहोचली असशील आणि घरी सर्व मंडळी मजेत असतील असे समजतो. इकडे सर्व ठीक आहे.

आमच्या टायपिंगच्या दुकानात लोकांसमोर मी तुला मॅडम म्हणतो, पण पत्रात मॅडम लिहायला हात धजला नाही. डीएडला दीड वर्ष आपण एकमेकांना अरे-तुरेच करत होतो, तेच पुढे चालवले आहे. चालत नसेल तर कळव.

फोनच करणार होतो. पण जाताना तूच म्हणालीस, "रामेश्वर, फोनवर तुझा आवाज आधी चढतो आणि मुद्दा मागून येतो. काय असेल ते लिहून प्रिंटसोबत पाठव." म्हणून लिहितो आहे. हे पाकीट तुझा चुलतभाऊ हनुमान त्याच्या पिकअपमधून आणेल. वर मोठ्या अक्षरात 'संशोधन' लिहिले आहे, त्यामुळे तो उघडणार नाही याची मला पूर्ण खात्री आहे.

मुख्य बातमी ही की तुझा लेख गेला. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्रैमासिकाच्या संकेतस्थळावर चढवला. मुदत आजची होती. पोच आली आहे, तिची प्रिंट सोबत जोडली आहे. परीक्षकाला लेख कोणाचा ते कळता कामा नये असा त्यांचा नियम आहे, म्हणून तुझे नाव, शाळेचे नाव, आमच्या वाडीचे नाव, सर्व वेगळ्या पानावर घेतले. तुझे नाव खोडताना जरा वेळ लागला. बीजशब्द पाच हवे होते, तू चारच दिले होतेस. पाचवा मी 'शुद्धलेखन' टाकला.

आमचे मालक उत्तरेश्वरभाऊ मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "काय बे राम्या, पीएचडी तू करायलास का ती मास्तरीण? गिऱ्हाइकाचा सातबारा सकाळपासून पडलाय." मी म्हणालो, पडू द्या. नंतर थोडी बाचाबाची झाली, ते जाऊ दे.

तुझी दोन वर्षांची मेहनत मला माहीत आहे. आमच्या वाडीवरच्या शाळेत तू पहिलीची लेकरे सांभाळतेस आणि त्यांनी तोंड उघडले की वहीत टिपून घेतेस, हे माझी आई साखराबाई येईल त्या प्रत्येकाला सांगत असते. हा विशेषांक बोलींवरचा आहे, असा पुन्हा निघणार नाही, आणि छापून आला तर पीएचडीच्या मुलाखतीत तुला उपयोग होईल, हे तू मला तीनदा सांगितलेस. म्हणून मी फार काळजीपूर्वक काम केले आहे.

दोन किरकोळ गोष्टी. मुलांच्या वाक्यांत थोडी साफसफाई केली. लेख पुण्याच्या शिकलेल्या लोकांपुढे जाणार, तो बरा दिसावा. आणि मर्यादा पाच हजार शब्दांची होती, आपले थोडे जास्त होत होते, म्हणून एके ठिकाणी कापले. तुझ्या लक्षातही येणार नाही.

सकाळपासून अकरा वेळा मेल उघडून पाहिला. इतक्यात काही येणार नाही हे कळते, तरी हात जातो.

आपला,
रामेश्वर


माजलगाव
शुक्रवार, २३ मे

सत्यशीला,

नमस्कार, सगळे बरे असतील. पहिलं पाकीट उघडलं नसशील तर उघडू नको, आधी हे वाच.

काल त्रैमासिकाचा मेल आला. लेख नाकारलेला नाही. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढे चल. परत पाठवलाय. दुरुस्त करून मंगळवारी, सत्तावीस तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा मागितलाय. नाही गेला तर या अंकात घेणार नाहीत.

त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, बालकांची दोनशे चौदा वाक्ये प्रमाण मराठीत दिसतात, तर मूळ नोंदी कुठे आहेत? आणि दोन, मी जशीच्या तशी उतरवतो: 'सआहेक शिक्षिका, पाआहेला मिळाले, दुधावरची मखूप, या संज्ञा स्थानिक असल्यास तळटीप द्यावी.'

तळटीप मी देतो. या संज्ञा माझ्या आहेत.

'हाय' दिसलं की 'आहे' कर, 'न्हाई'चं 'नाही' कर, 'लई'चं 'खूप' कर, असं मी कॉम्प्युटरला सांगितलं. एक बटन. उरलेलं हातानं केलं. कॉम्प्युटरला काय कळतं? त्यानं तुझ्या 'सहायक'मधलं 'हाय' काढलं, 'पाहायला'मधलं काढलं, मलईतलं 'लई'सुद्धा सोडलं नाही. मी पुन्हा वाचून बघितलंच नाही. टाईप करताना माझ्या डोक्यात अक्षरं जातात, अर्थ जात नाही. दिवसभर अर्जच असतात गं.

मेल वाचला आणि डोकं फिरलं. खाली नंबर होता, लावला. तिकडं एक बाई होत्या. मी म्हणालो, आमच्या वाडीची लेकरं नीट बोललेली तुम्हाला खपत नाहीत का? ती अडाणीच दिसायला पाहिजेत का? दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दादा, आम्हाला मुलं बोलली तशीच हवी आहेत. लेखाचा विषयच तो आहे. तुम्ही लेख वाचला आहे का?"

मी फोन ठेवला. मग वाचला. पहिल्यांदा.

आता हे कावून केलं, कशापायी केलं, ते सांगतो. लेकरांची नावं तू लपवली होतीस, नुसते आकडे होते. पण विद्यार्थिनी चारचं वाक्य टाईप करताना बोटं थांबली. 'आमची आजी काठीनं न्हाई, शीळ घालून शेरडं वळवती.' शीळ घालून शेरडं वळवणारी म्हातारी आमच्या भागात एकच हाय, माझी आई. म्हणजे विद्यार्थिनी चार ही माझ्या भावाची विजयमाला. मला वाटलं, आता पुण्यात कुणीतरी चष्मा पुसत हे वाचणार अन हसणार. माझ्या घराला हसणार. म्हणून आधी तेवढं एकच सुधारलं. मग वाटलं, एकच कशाला?

काल घरी गेलतो. विजूला जवळ घेऊन सुधारलेलं वाचून दाखवलं, 'आमची आजी काठीने नाही, शीळ घालून शेळ्या वळवते.' म्हणलं, विजू, हे तू बाईंना सांगितलंस ना?

ती म्हणाली, "न्हाई. ही कुणाची आजी हाय?"

आई चुलीपुढं बसलेली, ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं न्हाई.

तुझ्याकडं मूळ वह्या आहेत हे देवाचे उपकार. सोबत सगळ्या वाक्यांची प्रिंट दिली आहे, कोरी जागा सोडून. वहीत बघून लाल पेननं भर आणि हनुमानच्या हाती लगेच परत पाठव. 'सआहेक' वगैरे मी एकेक शोधून काढलंय. 'शुद्धलेखन'पण काढलं. तुझा विश्वास उडाला असेल तर तसं लिही, पण वाक्यं आधी पाठव.

तुझा,
रामेश्वर

(पहिल्या पत्रात 'एके ठिकाणी कापले' असं लिहिलं होतं, त्याचं काही विशेष नाही.)


माजलगाव
सोमवार, २६ मे

सत्यशीला,

तुझं पाकीट काल सकाळी मिळालं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा वाक्यं भरलीस. एकाच बैठकीत भरली असशील, शेवटची अक्षरं पार वाकडी झालीत. शिव्या दिल्या न्हाईस. त्याच्यानंच जास्त भ्या वाटलं.

अन खाली एक ओळ: 'रामेश्वर, पान तीन कुठे आहे?'

पान तीन माझ्यापाशी हाय. फाडलेलं न्हाई. टाईप केलं होतं, मग उडवलं. शब्द जास्त झाले म्हणून न्हाई. शब्द चारशे कमीच भरत होते. खोटं बोललो.

तुझ्या त्या पानावरच्या ओळी मला पाठ झाल्यात. 'डीएडच्या सूक्ष्मपाठात, वर्गासमोर सरावाचा छोटा धडा घेताना, विद्यार्थी र याने विहिरीत पाणी न्हाई असे म्हटले. अध्यापकांनी त्याला वर्गासमोर पन्नास वेळा "नाही" असे लिहायला लावले. वर्ग हसला. संशोधिकाही हसली. त्या दिवशी गेलेला तो विद्यार्थी कॉलेजात परत आला नाही. या अभ्यासाचा प्रश्न त्या हसण्यातून निर्माण झाला.'

टाईप करताना अर्थ डोक्यात जात न्हाई असं म्या म्हणलो होतो. ह्या पानाचा गेला. वाटलं, तीन वर्षं म्या लोकांना सांगतोय की घरची अडचण होती म्हणून डीएड सोडलं, अन ही बाई ते छापून पुण्याला पाठवायलीय. अन ते बी माझ्याच हातानं टाईप करून घ्यायलीय! तवा तू समोर असतीस तर लई बोललो असतो. तू नव्हतीस, म्हणून पान उडवलं. अन त्याच रागात पुढं लेकरांची वाक्यं धुवायला घेतली. आता कळतंय, सरांनी मला जे केलं तेच म्या दोनशे चौदा वेळा केलं. माझ्या विजूला बी केलं.

पाकिटात तू संमतीपत्र ठेवलंस. 'तुला आधी विचारायला पाहिजे होतं, चुकलं. तुझी सही नसेल तर पान तीन जाणार नाही. पण मग लेखही पाठवू नकोस, कारण मी हसले हे लपवून मला मुलांच्या बोलीवर लिहिता येणार नाही.'

हे वाचून आधी मला रागच आला. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात! सही केली तर माझी इज्जत जाणार, न्हाई केली तर तुझा लेख. दुपारभर ते कागद खिशात घालून हिंडलो. मोंढ्याच्या बाजारात गेलो, धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर उत्तरेश्वरभाऊ म्हणाले, "काय झालं बे, तोंड कावून असं?" म्या त्यांच्यापुढं पान तीन ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं अन म्हणले, "ह्यो र म्हंजे तू?" म्हणलं, व्हय. त्यांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. मग म्हणले, "मला बी एका तलाठ्यानं असंच केलतं. मी कुणाला बोललो न्हाई. कर सही."

सही केली हाय. पण तुझ्या नोंदीत दोन चुका हायत, त्या दुरुस्त केल्याबिगर जाऊ देऊ नको. म्या आता कुणाचं वाक्य माझ्या मनानं बदलत न्हाई, म्हणून तुलाच सांगतो.

पहिली. पन्नास वेळा लिहायला सांगितलं, पण म्या तेवीसच लिहिले. चोविसाव्याला डस्टर फेकलं. सरांना न्हाई, फळ्याला. हे नीट लिही, न्हाईतर लोक म्हणतील पोरानं मास्तरावर हात उचलला.

दुसरी. तू लिहिलंस, 'वर्गासमोर उभे राहण्याच्या भीतीमुळे त्याच्या तोंडून घरची बोली निघाली असावी.' भीती कसली? आठ दिवस 'नाही, नाही' घोकून आलतो. शेरडांपुढं उभा ऱ्हाऊन पाठ घेतलता, आईला विचार. पण वर गेलो अन पहिल्या बाकावर तू. हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होतीस, लेकरू ऐकतं तशी. तुझ्याकडं बघितलं अन घोकलेलं सगळं गेलं, घरचं तेवढं तोंडात ऱ्हायलं. तुझ्यापुढं दुसरं काही बोलायला सुचलंच न्हाई. अजून बी सुचत न्हाई.

ही दुसरी दुरुस्ती लेखात घालायची न्हाई. सही पान तीनवर केलीय, ह्याच्यावर न्हाई. हे तुला एकटीला सांगितलंय. ह्याच्यावर तू हसलीस तरी चालंल, पण लपवू नको, तोंडावर हस.

हनुमानला आज निघायच्या आधीच गाठून पाकीट देतोय. सगळी वाक्यं बसवलीत, दोनदा वाचलीत, ह्या वेळी अर्थ लावून. पान तीन त्याच्या जागेवर हाय. पहिली दुरुस्ती लाल करून ठेवलीय, ती तू बघ. लेख चढवलाय, खाली 'सादर करा' असं निळं बटन हाय. ते म्या दाबलं न्हाई. मागल्या खेपेला तुझ्या वतीनं दाबून बघितलं, काय झालं ते दिसलंच. उद्या पाचच्या आत तू ये अन तू दाब. चकलांब्याहून सकाळच्या गाडीनं निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील. उत्तरेश्वरभाऊला म्हणलंय, उद्या एक मशीन कुणाला द्यायचं न्हाई. ते म्हणले, दिवसभराचं नुकसान कोण भरणार बे? म्हणलं, म्या.

तू न्हाई आलीस तर म्या दाबणार न्हाई. धमकी न्हाई ही. तुझा लेख हाय, बटन दाबायचं का न्हाई हे तू ठरव.

हे पत्र आधी कच्चं लिहून मग न सुधारता, सरळ लिहिलंय.

तुझ्या लेखातला र,
तुझ्यापुढं पुऱ्या नावानं उभा,
रामेश्वर तात्याबा सलगर