वरून आवाज दे

४ मार्च

लिंबू,

नमस्कार-चमत्कार सगळे तुझ्या ताईंना सांग. तुझ्यासाठी फक्त पत्र. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलोय, खरं तर उभा राहून लिहितोय, कपाटावर कागद ठेवून. जन्मभर लोकांची कपाटं उचललीस आणि एवढासा फोन तुला उचलवत नाही, याला काय म्हणावं?

तू पाठवलेला कमरेचा पट्टा पोचला. त्याआधी तेल पोचलं, त्याआधी शेकायची पिशवी, आणि त्याच्याही आधी ती खुर्ची, जिच्यात बसलं की माणूस आपोआप मागे कलंडतो. एकातही ओळभर चिठ्ठी नाही. ताईंच्या गावचा शिक्का बघून ओळखलं. खुर्चीत शेजाऱ्यांचं मांजर झोपतं, ते खूश आहे. पट्टा मी परत पाठवतोय. रागानं नाही. बरं, थोड्या रागानंच. मला खाली बसवायला टपलेली माणसं इथे कमी नाहीत, त्यात तुझी भर नको.

आता तब्येतीचं. मणक्यातली गादी सरकली आणि नस दाबली गेली, एवढं तू दवाखान्यात ऐकलंसच. तेवढं ऐकून जिना उतरलास तो ताईंकडेच जाऊन थांबलास. पुढचं ऐक. पहिले काही दिवस मी खाटेवर पडून छताकडे बघत होतो. तुझ्या वहिनीनं मला काचेच्या बरणीसारखं जपलं. हलवायचं नाही, वाकवायचं नाही, खाली ठेवायचं नाही. येणारा प्रत्येक जण सांगून जायचा, "आता जड काम विसरा." समोरचा किराणावाला म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तर उठलोच नसतो." तो तसाही उठत नाही, गिऱ्हाइकालाच म्हणतो डबा काढून घ्या.

मग डॉक्टरांनी व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. वय आपल्या निम्मं, आवाज हवालदाराचा. मी त्यांना हवालदारीणबाई म्हणतो, अर्थात पाठीमागे. आत गेल्या गेल्या मी सवयीनं पलंगावर आडवा व्हायला लागलो, तर म्हणाल्या, "झोपायला घरी जागा नाही का? चाला." मी म्हटलं, दुखतं. म्हणाल्या, "दुखणारच. दुखतंय म्हणजे मोडतंय असं नाही. पाय बधिर व्हायला लागला किंवा लघवीचं काही बिनसलं तर धावत या. नाहीतर दुखणं घेऊन चाला."

दुखणं घेऊन चाला. मला हे एकदम पटलं बघ. आपण दोघांनी आयुष्यभर दुसरं केलं काय? घेऊनच चाललो.

तर रोज सकाळी पुलापर्यंत जाऊन येतो. घरी आलो की उताणा पडून कंबर वर उचलायची, मग ओणवं होऊन एक हात पुढे आणि उलटा पाय मागे ताणायचा. पहिल्या दिवशी तुझी वहिनी हसून हसून भिंतीला टेकली. आता तीही शेजारी ओणवी होते, म्हणते मलाही कंबर आहे. आणि वाकायला शिकवलं मला, या वयात. पाठीतून नाही, खुब्यातून, गुडघे सैल सोडून. आजवर मोडेन पण वाकणार नाही असा आपला खाक्या होता. आता वाकतो, म्हणून मोडत नाही.

बाईंच्या दवाखान्याच्या इमारतीत वाचनालय आहे, तिथला जिना रोज चढतो, पार गच्चीपर्यंत, मध्ये न टेकता. येताना लिफ्टनं येतो, वेळ वाचतो.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. जाऊ दे मुंगीनं. मी तिच्या मागे चालतोच आहे. गल्लीतले लोक विचारतात, बांबू दिसतो, लिंबू कुठाय? मी सांगतो, उन्हात सुकायला टाकलंय.

त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

बांबू


२ एप्रिल

लिंबू,

पट्टा परत आला. आपल्या दोघांपेक्षा त्यानंच जास्त प्रवास केलाय. या वेळी आत ताईंची चिठ्ठी होती, त्यामुळे कळलं की तू माझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतोस आणि बोलत काही नाहीस. आणि हेही कळलं की तू एका गोदामाच्या दाराशी रखवालदार म्हणून बसतोस, आणि कुणी सामान उचलायला हाक मारली तर जिन्याचं काम नको म्हणतोस.

बसतोस? अरे गाढवा, कंबर माझी गेली आणि बसलास तू?

हे वाचून माझं डोकं असं फिरलं की पुलापर्यंत जायचं ते पार रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो आणि रात्री पाय ठणकला. ते तुझ्या खाती. दुसऱ्या दिवशी बाईंनी दम दिला. ताकद वाढवायची ती रागावर नाही, रोज थोडी थोडी, म्हणाल्या. पण दम देऊन झाल्यावर वाळूची पिशवी हातात दिली. उचल, ठेव, उचल, ठेव. मग पिशवी मोठी झाली. उचलताना श्वास सोडायचा, वजन पोटाशी धरायचं. ते मी म्हटलं मला येतं, तर म्हणाल्या, "येत असतं तर इथे आला नसतात." ऐकून घेतलं. काय करणार?

मागच्या आठवड्यात रेडिओबरोबर एक काम करून बघितलं. तुला आठवतोय ना रेडिओ, तो सतत बडबडणारा हमाल. पुस्तकांचं रिकामं कपाट, लहानसं, बाईंना विचारून घेतलेलं. सपाटीवर छान गेलं. जिना चढताना छान गेलं. नंतर मालकाचं मन फिरलं, तेच कपाट खाली आणायचं होतं. ते मी रेडिओला म्हटलं, तू आणि तुझा मेहुणा आणा, माझी जेवायची वेळ झाली.

आणि परवा बाईंनी मला वाचनालयाच्या लिफ्टच्या दारात धरलं. "पायात ताकद आलीय, तोल चांगला आहे. चढता झपाझप. मग उतरताना लिफ्ट का?"

मी म्हटलं, वेळ वाचतो.

"कुणाचा?" म्हणाल्या.

पुढचं आज लिहीत नाही. पट्टा सोबत पाठवतोय, आता तुझ्याकडेच राहू दे. ताईंना म्हणावं चिठ्ठीबद्दल उपकार झाले, घरात एकाला तरी लिहिता येतं.

बांबू


११ मे

लिंबू,

आज सगळं लिहितो. मध्ये उठून जाऊ नकोस.

गेले कित्येक आठवडे मला जिना उतरता येत नव्हता. दुखत होतं म्हणून नाही. शेवटच्या पायरीशी आलो की पाय थांबायचा. पुढे जमीन दिसत असायची, आणि पाय म्हणायचा, नाही. कठडा धरून, घाम पुसत, म्हाताऱ्यासारखा चाचपत उतरायचो, म्हणून लिफ्ट. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. विचारलं, "नक्की काय झालं होतं त्या दिवशी?" डॉक्टरांना मी पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. तूही शेजारी उभा राहून मान हलवली होतीस. त्यांना खरं सांगितलं. तुलाही सांगतो, कारण आपण एकमेकांशी ते अजून बोललेलो नाही.

मी उंच, म्हणून खालचं टोक माझं. तू बुटका, म्हणून वरचं तुझं. मी उलटा उतरणार, नाकासमोर नुसतं कपाट. माझे डोळे तुझ्या तोंडात. तू "पायरी" म्हणालास की मी पाय खाली सोडायचा, तू "जमीन" म्हणालास की मागे सरळ पाऊल टाकायचं. इतकी वर्षं मी एकदाही मान वळवून बघितलं नाही. त्या दिवशी शिवणवाल्या बाईंच्या घरी तू "जमीन" म्हणालास आणि जमीन नव्हती. एक पायरी बाकी होती. पाय खाली गेला, कपाट अंगावर आलं, आणि कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं.

तू चुकलास. हे मी लिहून टाकतो, कारण कुणी लिहिलं नाही म्हणून तू रोज ते एकटा उचलत बसलायस. चुकलास म्हणजे चुकलास. मला राग आला होता, फार आला होता. कपाटाचा नाही, पायरीचा नाही, तू पळालास त्याचा.

काल मी त्या घरी गेलो. बाई वयस्कर, गुडघ्यांमुळे शिवणकाम वरच्या मजल्यावरून खाली आणत होत्या ना. कपाट तेव्हा खाली आलं, बाकी सगळं अजून वरच आहे. कात्री खाली, कापड वर, दिवसभर त्यांची वरखाली चालू. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला का नाही बोलावलं? म्हणाल्या, "तुम्ही दोघेच याल म्हटलं."

मी त्यांना कपाट समजून एक चादर कपाटाएवढी उंच दोन हातांत धरायला लावली आणि माझ्या जागी, खालच्या पायऱ्यांवर उभं केलं. आणि मी वर, तुझ्या जागी. गुडघे सैल, खुब्यातून वाकलो, तुझ्या उंचीइतका. बाईंना वाटलं याची कंबर पुन्हा गेली. आणि लिंबू, तिथून ती शेवटची पायरी दिसत नाही. कडेच्या फटीतून नुसती फरशी दिसते, पायरीचा दगड आणि खालची फरशी एकाच रंगाची. मी असतो तर मीही जमीनच म्हटलं असतं.

मग चादर बाजूला करायला सांगितली आणि उतरलो. कठडा न धरता. मोठ्यानं स्वतःलाच सांगत, पायरी, पायरी, पायरी. शेवटी पाय थांबलाच. बाई खालून बघत होत्या, चादर पोटाशी धरून. मी पाय हळूच पुढे नेला, टेकवला, चांगला दाबून बघितला, आणि मग म्हटलं, जमीन. पुन्हा वर गेलो, पुन्हा उतरलो. बाई म्हणाल्या, "बास करा, पायऱ्या झिजतील." घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं तर तिनं डोळ्याला पदर लावला आणि वर म्हणाली, मला आधी का नाही सांगितलंत, मी म्हटलं असतं पायरी.

तेव्हा ऐक. जिना मला तुझ्याशिवाय उतरता येतो. त्यासाठी तुला बोलवत नाही, गैरसमज नको. पण वर कापड बेतायचं टेबल आहे. पाय सुटे होतात, वजन फार नाही, हवालदारीणबाईंनी परवानगी दिली आहे, जोडीनं आणि सावकाश. ते मी रेडिओबरोबर उतरवणार नाही.

आणि एक गोष्ट बदलायची. यापुढे "जमीन" मी म्हणणार. पाय माझा टेकतो, तर शब्दही माझा. तू फक्त "पायरी" म्हण. दिसली तर पायरी म्हण, नाही दिसली तर दिसत नाही म्हण. मी थांबेन. थांबायला मी आता चांगला शिकलोय.

माफीचं म्हणशील तर ती पार्सलानं पाठवत नाही, आपली पार्सलं परत येतात. समोर ये आणि घे. शनिवारी सकाळी, शिवणवाल्या बाईंच्या घरी. पट्टा घेऊन ये, बसून बसून तुझीच कंबर धरली असेल.

खालच्या टोकाला उभा,
बांबू