कापलेले समास

४ मार्च

चि. चिकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझी दोन्ही पत्रं चष्म्याच्या डबीखाली ठेवली आहेत. रोज सकाळी ठरवतो की आज लिहायचंच. मग मनात येतं, पोर मुलाखतीच्या तयारीला तिच्या बाबांच्या वडिलांकडे राहायला गेली, त्या घरी एवढी मोठी माणसं भेटतात, तिला माझ्या गुडघ्याची खबर कशाला? आणि पेनाला टोपण लावतो.

तुझं दुसरं पत्र चार पानी आहे. त्यात टायआजोबा अकरा वेळा आले आहेत. टायआजोबा असं सांगतात, टायआजोबांनी अमुक देशात तमुक केलं. मी दोन वेळा आलो. त्यातला एक नमस्कार आहे, तो धरायचा की नाही ते तूच ठरव. माणूस राजदूत होता हे मला ठाऊक आहे. तुझ्या आईच्या लग्नात दोन तास त्यांच्या शेजारी बसलो होतो, आणि त्या दोन तासांत त्यांच्या कोटाला एक सुरकुती पडली नाही.

त्यांची बाइंडिंगला आलेली तीन पुस्तकं अजून माझ्याकडेच आहेत. सहा आठवडे झाले, मला माहीत आहे. हवा दमट आहे, खळ लवकर वाळत नाही, हिरवं कापड मिळेना. घाई केली तर पाठ सुटते, मग म्हणाल म्हाताऱ्याचा हात गेला. तुझी परराष्ट्र खात्याची मुलाखत दहा एप्रिलला आहे, त्याच्या आत मिळतील.

जुनी शिलाई उसवताना थोडं थोडं वाचलं. सातवी शिकलेल्या माणसाला कळलं तेवढं कळलं. एकात लिहिलंय की दोन देशांचं कडाक्याचं भांडण झालं, तरी बाहेर सांगताना म्हणतात, चर्चा मोकळेपणाने झाली. तुझी आजी होती तोवर आमच्यात रोज मोकळी चर्चा व्हायची. एवढ्यासाठी पुस्तक कशाला लागतं?

लहानपणी तू दाबयंत्राजवळच्या स्टुलावर बसायचीस, हाताला कायम खळ. म्हणून तर चिकटी. आता तिथे कुठल्या पेल्यात काय प्यायचं ते शिकत असशील. शीक बाई. मला काय.

लोभ आहेच. तुझ्याकडचा सगळा त्या घरी संपवून येऊ नकोस.

तुझा,
पुठ्ठाआजोबा


१६ मार्च

ती. पुठ्ठाआजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुस्तकं काल मिळाली. बांधणी इतकी सुंदर आहे की मी आधी तिन्ही नुसती हुंगली. आईला फोन केला, तिनेही विचारलं की दुकानाचा वास येतो का. येतो.

पण आजोबा, एक फार वाईट झालं. कडा सारख्या करताना समास कापले गेले, आणि त्या समासांत टायआजोबांची पेन्सिलीतली टिपणं होती. तीस वर्षांची. कुठल्या वाटाघाटीत आपण कुठे चुकलो, वकिलातीच्या दारात पासपोर्ट हरवलेला माणूस आला तर त्याला आधी काय विचारायचं, असं सगळं. गेल्या वर्षभरात तर ते माझ्यासाठी मुद्दाम नवी लिहीत होते. ती वाचायला मिळावीत म्हणूनच पुस्तकं दुरुस्तीला दिली होती. छापलेलं कुठल्याही ग्रंथालयात मिळतं हो. आता प्रत्येक टिपण अर्धं उरलंय.

टायआजोबांनी तिन्ही पुस्तकं चाळली, खोलीत जाऊन बसले, आणि जेवायला आले तेव्हा एवढंच म्हणाले की कापणी सुरेख आहे. मला रडू आलं. बाबा फोनवर तुमच्याबद्दल बोलायला लागले, तर मी त्यांना सांगितलं की पुठ्ठाआजोबांच्या हातून असं चुकूनच होऊ शकतं, मुद्दाम कधी होणार नाही, आणि यावर पुन्हा कोणी बोलायचं नाही. बरोबर सांगितलं ना मी?

मुलाखतीची भीती वाटते. तुम्ही गुडघ्याचं नुसतं नाव काढलंत, पुढे लिहिलंच नाहीत. मला ते हवं आहे.

तुमची,
चिकटी


२१ मार्च

रा. रा. व्याहीबुवा यांस,
सा. न. वि. वि.

आपणांस मी पूर्वी कधी पत्र लिहिलेलं नाही. लिहिताना काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

सोबत तीन पाकिटं आहेत. त्यांत आपल्या पुस्तकांच्या कापलेल्या पट्ट्या आहेत. मी कातरण पोत्यात टाकतो, आणि पोतं अजून रद्दीत गेलं नव्हतं. चार दिवस जमिनीवर बसून वेगळ्या केल्या. एका पुस्तकाचा कागद पिवळा, एकाचा पांढरा, एकाचा गुळगुळीत, त्यामुळे कुठली पट्टी कुठल्या पुस्तकाची ते कळलं. दोनशे बारा पट्ट्यांवर पेन्सिल आहे. पानांशी जुळवणं तुमच्याकडेच होईल.

आता खरं लिहितो. पोरीने घरात सांगितलं की माझ्या हातून चुकून झालं. ते वाक्य मला गिळवत नाही.

शिलाई उसवतानाच आपली अक्षरं मला दिसली होती. एका पानावर होतं, हे पोरीला सांगायचं. दुसऱ्यावर, हे तिला आवडेल. पान उलटलं की पुन्हा तिच्यासाठी काहीतरी. माझ्या मनात आलं, हा माणूस तिला सगळं जग देतोय, आणि मी काय देणार, पुठ्ठा? जुनं पुस्तक नव्याने बांधलं की तिन्ही बाजू कापून सरळ करायच्या, ही आमच्या कामाची रीतच आहे. कोणी मला दोष दिला नसता. म्हणून तर केलं. अर्ध्या बोटाच्या रुंदीची पट्टी कापली असती तरी पुरलं असतं. मी पूर्ण बोटभर कापली. पाहिलं आणि तरी कापायच्या मशीनचा दांडा खाली ओढला.

नंतर दोन दिवस दुकान उघडलं नाही. शेजारच्याला सांगितलं, गुडघा दुखतोय.

एक पट्टी तेवढी माझ्याकडे ठेवली आहे. ती कुठल्या पुस्तकाची ते मला कळलं, पण पाठवायचं धैर्य झालं नाही. पांढऱ्या पुस्तकाच्या समासात आपण पान आडवं धरून, कडेच्या बाजूने उभं लिहिलेलं दिसतं. वरची ओळ पुस्तकात राहिली, खालची पट्टीवर आली. तिच्यावर एवढंच आहे: मला कधीच जमलं नाही. राजदूताला न जमणारं असं काय असतं, हे विचारायची माझी पायरी नाही. पण ते डोक्यातून जात नाही.

नकोशा झालेल्या परदेशी राजदूताला चोवीस तासांत देश सोडायला सांगतात, असं आपल्या पुस्तकात आहे. मला तसं काही सांगायचं असेल तर आपणच सांगा, पोरीला सांगायला लावू नका. तिला मी अजून काही लिहिलेलं नाही. मला तिची भीती वाटते.

आपला नम्र,
पुठ्ठेवाला व्याही


२५ मार्च

रा. रा. व्याहीबुवा यांस,
सप्रेम नमस्कार.

पस्तीस वर्षं मी लोकांची पत्रं वाचून त्यांत काय लिहिलेलं नाही ते शोधत आलो. आपण आपल्या पत्रात शोधायला काही ठेवलंच नाहीत, त्यामुळे पहिला अर्धा तास मला काय करावं ते कळेना.

आपल्याकडच्या पट्टीचं पान मला पाठ आहे. परदेशी नेमणुकीवर गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांविषयीचं प्रकरण आहे ते. वरची ओळ अशी: पोर दुकानात आजोबांच्या शेजारी तासन्‌तास गप्प बसायची म्हणे; असं कोणाजवळ नुसतं बसून राहणं... पुढचं आपल्याकडे आहे.

माझा मुलगा, म्हणजे आपला जावई, वसतिगृहात वाढला. मी तीन देशांतून त्याला चांगल्या भाषेत पत्रं लिहिली. त्याने ती ठेवलेली नाहीत. आता नात घरी आली आहे, तर ती पानाचा कोपरा न दुमडता पुस्तक कसं उलटायचं ते मला शिकवते, कारण पुठ्ठाआजोबा तसं उलटतात. मी पुस्तक पालथं ठेवलं की म्हणते, पुठ्ठाआजोबांनी पाहिलं असतं तर? आपलं नाव दिवसातून किती वेळा येतं ते मी मोजलेलं नाही. मोजलं असतं तर झोप लागली नसती. मी तिला टिपणं लिहून देत होतो, कारण तिच्याजवळ बसून बोलायला मला दुसरा विषय सुचत नव्हता.

कापणी सुरेख आहे, असं मी म्हणालो ते अगदी विचार करून. चाळीस वर्षं हे काम केलेला माणूस चुकून बोटभर कापत नाही, हे मला पहिल्याच पानावर कळलं. राग आलाच. पण खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. कोणी माझ्यावर जळावं इतका मी तिचा आहे, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मुलाखतीच्या आधी आपण स्वतः इकडे यावं, खळीचं भांडं घेऊन. मला चिकटवता येत नाही; काल प्रयत्न केला, पट्टी बाहीलाच चिकटली. नातीला जे सांगायचं ते आपण सांगा. मी शेजारच्या खोलीत असेन. दार उघडं ठेवीन.

आपला,
व्याही


९ नोव्हेंबर

रा. रा. व्याहीबुवा यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन पत्रांना एकच उत्तर लिहितो आहे, तेही दोन महिन्यांनी, तर रागावू नका. मधे डोळ्याचं काम झालं. आता इतकं स्वच्छ दिसतं की माझ्या जुन्या बांधणीतले वाकडे टाके दिसायला लागले, आणि नवीच काळजी लागली.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर खळीचा डाग राहिला होता, तो गेला का? ते तीन दिवस मला सारखे आठवतात. पोरीला मी खरं सांगितलं तेव्हा ती दुपारीच उठून बाहेर गेली, ती संध्याकाळी परतली. तुम्ही शेजारच्या खोलीत एकच पान दोन तास वाचत होतात, ते मला उघड्या दारातून दिसत होतं. मग तिने येऊन माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाली, खळ फार लावताय, कागद फुगेल. तेवढंच. पुढे तिसऱ्या दिवशी पट्टी कुठली कुठे यावरून आपल्या दोघांत चर्चा मोकळेपणाने झाली, ती शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेली असणार. पण दोनशे तेरा पट्ट्या लागल्या. तुमची ती उभी ओळ मी स्वतः लावली, आणि तिची कड अजिबात कापली नाही. पुस्तक मिटल्यावर ती किंचित बाहेर डोकावते. बाइंडर म्हणून मला लाज वाटते, पण तशीच राहू दे.

आता मुख्य गोष्ट. निवड झाल्यावर पोरीला ज्या परदेशी वकिलातीत नेमलं, तिथून तिचं पत्र आलं आहे. चार पानी. त्यात तिच्या वकिलातीतल्या वरिष्ठ बाई चौदा वेळा आल्या आहेत. मी दोनदा मोजलं. बाईंनी अहवाल कसा लिहायचा ते शिकवलं. जुन्या लोकांची लांबलचक पत्रं आता कोणी वाचत नाही, असं बाई म्हणतात. हे तुम्हाला लागेल, पण तुमच्यापासून लपवणं बरं नाही. माझ्यासाठी तर याहून वाईट आहे. बाईंना म्हणे फावल्या वेळात पुस्तकं शिवायचा नाद आहे, आणि आमची पोर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन टाका शिकते. टाका! सहाव्या वर्षी मी तिच्या हातात सुई दिली होती. ती बाईंना सांगत का नाही, मला येतो म्हणून? लिहिते काय, तर त्यांचा टाका पुठ्ठाआजोबांच्या टाक्यापेक्षा थोडा वेगळा आहे. वेगळा म्हणजे काय? बरा की वाईट? चार पानांत तेवढं लिहिलेलं नाही.

आधी मला तुमचा राग यायचा, त्यात निदान माणूस माहितीतला होता. या बाईंना मी पाहिलेलंसुद्धा नाही.

माझ्या मनात आहे की आपण दोघांनी मिळून पोरीला एक खलिता पाठवावा. मसुदा तुम्ही करा, म्हणजे भाषा सभ्य राहील आणि आपण जळतोय हे कुठे दिसणार नाही. बांधणी मी करतो. समास मात्र भरपूर सोडा. तिला उत्तर लिहायला जागा हवी, आणि मी कापणार नाही.

तुम्हालाही तिचं पत्र आलं असणार. त्यात आपण दोघं किती वेळा आहोत आणि बाई किती वेळा, ते नीट मोजून, आणि माझे उल्लेख जास्त असले तरी न लपवता, जरा लवकर कळवा. वाट पाहतो आहे.

आपला,
पुठ्ठेवाला व्याही