उंद्रीची लाइन

उंद्री, ४ मे २०२५

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मले ऐकू येत नाही, म्हणून लिहून राह्यलो. गावचा ट्रान्सफार्मर जळाला. दुसरीकडून लाइन देतात, पण तिचा भरोसा नाही. तुह्या मायचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर थोडा वेळच चालते. मंग तिचे ओठ निळे पडतात अन् मी नुसता पंखा हलवत बसतो. तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत लाकडाच्या गॅसवर इंजिन चालवतेस ना? ते घेऊन ये. शेजारच्या माणिकरावनं बाभूळ फोडून दारात रचून ठेवली. माय हसते. म्हणते, मी जन्मभर चुलीत फुंकलं, पोरीले त्याचाच पगार भेटून राह्यला.

येणं कळव. माया आहेच.
तुझा बाबा, महादेवराव

बुलढाणा, ८ मे

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इंजिन आणता येणार नाही, बाबा. त्या गॅसमध्ये विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शिवाय डांबर साचून ते मधेच बंद पडतं. प्रयोगशाळेत मी सोलर सेलही तपासते, पण ते नखाएवढे. उन्हासारख्या दिव्याखाली ठेवून ते किती टिकतात हे पाहायचं, आणि तो दिवासुद्धा लाइनवरच चालतो. घरावर पॅनल आणि बॅटऱ्यांसाठी नाव नोंदवलंय, बसवणारा दिवाळीचं बोलतो. दिवसभर विजेचंच काम करते, आणि आईला एक रात्र पुरेल एवढी वीज माझ्याकडे नाही.

तिला माझ्या खोलीवर पाठवा. इथे लाइन सहसा जात नाही. रागावू नका, लोभ राहू द्या.
अनुपमा

उंद्री, २९ मे

चि. अनुपमास आशीर्वाद.

मायले गावातल्या कुलदीपच्या गाडीत बसवून दिलं तवापासून घर खायले उठते. म्हशी सोडून मले येता येत नाही, अन् फोनवर तिचा आवाज काही समजत नाही. निघायच्या आधी लोक विचारत होते, पोरगी वीज बनवते अन् तुमच्या घरी अंधार काऊन? दम लागला होता तरी तुही माय बोलली, पोरीनं विष म्हटलं म्हणजे विष. माणिकरावले लाकडं परत न्यायले लावली.

काल नवा ट्रान्सफार्मर आला. नारळ फोडला. संध्याकाळी साऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारी लावल्या अन् तोही जळाला. दुसरा कधी येते, कोणी सांगत नाही. तिले हे सांगू नको. ती रोज घरी यायची वाट पाहत असंल.

दोघी जपून राहा.
बाबा

बुलढाणा, २ जून

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

आईला वाचता येत नाही, म्हणून तुमचं पत्र मी नेहमीसारखं तिच्यासमोरच उघडून मोठ्यानं वाचत होते. नारळापर्यंत आले आणि थांबले. आई म्हणाली, वाच. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, बाबा पत्राच्या मधे कधी थांबत नाहीत, वाच. मग सगळं वाचलं.

ती रडली नाही. तुम्ही दोन वेळचं जेवता का, एवढं विचारायला सांगितलं. मशीनचा आवाज चालू होता. मग म्हणाली, तुह्या कपाटातली एक फळी मले लुगड्यांसाठी रिकामी करून दे.

करून दिली, बाबा. आम्हा दोघींवर माया असू द्या.
अनुपमा