वरच्या ओळीतले वीस

बाई, शुक्रवारी वॉर्डात एका मुलीनं वीस लिहिलं. एवढं सांगितलं असतं तरी तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं असतंत आणि पुढचं सगळं तुम्हांला कळलं असतं. पण तुम्हांला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तुमच्याशी बोलायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. शिकवते म्हणजे फळ्यासमोर फारशी उभी राहत नाही, माझा वर्ग वॉर्डातच भरतो. सकाळी साडेसातला आठ मुली घेऊन हॉस्पिटलात शिरायचं, एकेकीला दोन-दोन पेशंट वाटून द्यायचे, दिवसभर त्यांच्या मागं मागं फिरायचं आणि त्यांनी केलेल्या प्रत्येक कामाखाली आपली सही करायची. म्हणजे तुम्ही करत होतात तेच. फरक इतकाच, की तुम्हांला आम्ही बाई म्हणायचो, मला त्या मॅडम म्हणतात, आणि तुमची चप्पल वाजली की आम्ही जशा ताठ उभ्या राहायचो तशी माझ्या चपलेनं कुणी राहत नाही.

तर शुक्रवारचं सांगते. तुयेच्या कारखान्यांतल्या एकात पॅकिंगचं काम करणारी एक बाई आहे, मूळची चंदगडकडची, चाळिशीची. ताप आणि खोकला म्हणून बुधवारी दाखल झाली. शुक्रवारी तिची जबाबदारी मी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीवर सोपवली होती. मुलगी शांत, कामाला चांगली, जरा जास्तच भिडस्त. दहाच्या सुमाराला मी त्या खाटेपाशी गेले, तर बाई मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसलेली. नाकपुड्या उडत होत्या. "कसं वाटतंय?" म्हटलं, तर तीन शब्दांचं उत्तर तिनं दोनदा थांबून दिलं. मी चार्ट पाहिला. ताप एकशे दोन, नाडी एकशे दहा, श्वास वीस. तुम्हांला हे सांगायला नको, पण सांगतेच, कारण रागाला तोंड फुटलं की माझं असं होतं: धडधाकट माणूस मिनिटाला सोळा ते वीस श्वास घेतो, म्हणून ज्याला मोजायचा कंटाळा असतो तो वीस लिहून मोकळा होतो. मी मनगट धरलं आणि मोजले. बत्तीस. मग डॉक्टरांना बोलावणं, ऑक्सिजन, एक्स-रे, न्यूमोनियाचं निदान, दुपारी मोठ्या वॉर्डात हलवणं, सगळी धावपळ झाली. बाई वाचली, आता बरी आहे. पण त्या मुलीला मी व्हरांड्यात उभं करून असं काही झोडपलं की शेजारच्या वॉर्डातले लोक डोकावून गेले. "मोजायचं नव्हतं तर नर्सिंगला आलीस कशाला?" असंही म्हणाले. ती खाली बघत राहिली.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्यापर्यंत बातमी माझ्याआधीच पोचली होती. सोमवारी सकाळी लेखी अहवाल हवा म्हणाल्या. मी त्यात 'निष्काळजीपणा' असं लिहिलं की तिचं हे पोस्टिंग बाद, पोस्टिंग बाद की परीक्षेला बसता येणार नाही, आणि वर्ष गेलं. मुलगी डिचोली तालुक्यातली. बापाचा ट्रक खाणीवर होता, खाणकाम थांबलं तेव्हापासून ट्रक दारात उभा आहे. घरी धाकट्या दोन बहिणी. वर्ष गेलं तर तिला परत कॉलेजात पाठवतील की नाही, ती स्वतःही सांगू शकणार नाही. पण म्हणून खोटे आकडे लिहिणारी नर्स मी पास करू का? शुक्रवारी संध्याकाळी पेडण्याला बसमधून उतरले तेव्हा माझं ठरलं होतं. निष्काळजीपणा.

घरी येऊन चहा ठेवला आणि तुम्ही आठवलात. न आठवून कसं चालेल? मीही दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एका सकाळी नऊ पेशंटच्या नऊ चार्टांवर वीस लिहिलं होतं. तुम्ही नऊही चार्ट एकाखाली एक मांडलेत. सगळ्या वॉर्डासमोर. एरवी तुम्ही आमच्याशी छान पुस्तकी मराठी बोलायचा, पण पारा चढला की थेट घरच्या बोलीवर यायचा. "काय गो, सगळी एकाच तालार श्वास घेतत? भजनाक बसल्यात?" पेशंट हसले, मुली हसल्या, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तुम्ही माझं मनगट उचलून पाहिलंत. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. आईचं जुनं घड्याळ होतं ते, नुसते दोन काटे. सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन द्या असं घरी म्हणायची मला लाज वाटत होती, आणि तुम्हांला सांगायची त्याहून जास्त. "मगे सांगूंक तोंड नाय तुका?" एवढंच म्हणालात आणि पुढच्या खाटेकडे गेलात. मला वाटलं, संपलं आपलं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही म्हापशाच्या बाजारातून घड्याळ आणलंत, काळ्या पट्ट्याचं, लाल सेकंदकाट्याचं, आणि माझ्या हातात न देता माझ्या लॉगबुकात घालून ठेवलंत. त्याबद्दल तुम्ही पुढं कधी अवाक्षर काढलं नाही, आणि मीही आभार मानले नाहीत. आभार कसे मानतात तेच तेव्हा येत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही मला शिरगावला घरी बोलावलंत. जेवायला, असं म्हणालात. मी घाबरत घाबरत आले. स्वयंपाकघरात तुम्ही कोळंबीची आमटी, तुमच्या भाषेत सुंगटांचं हुमण, करताय, फळीवर तांब्याची दोन भांडी पालथी, खिडकीच्या गजांवर खाणीची तांबडी धूळ, कितीही पुसली तरी परत बसणारी. तुमचे यजमान पाटावर बसून पावाचे उंडे चहात बुडवून खातायत. आयुष्यभर खाणीवर काम केलेला माणूस, बोलताना मध्येच थांबायचा आणि थांबलो हे कळू नये म्हणून हसायचा. तुम्ही हात पदराला पुसलेत, त्यांच्या शेजारी बसलात, मनगट धरलंत. मला नजरेनं खुणावलंत. आधी नाडी मोजायची, आणि नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. तसाच धरून ठेवायचा, आणि डोळ्यांनी छाती मोजायची. पूर्ण मिनिट. मी नव्या घड्याळाकडे बघत मोजले. चोवीस. ते बाहेर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "श्वास मोजतंय म्हणून कोणाक सांगूचा नाय. सांगला काय माणूस श्वास बदलता." आणि मग हुमण ढवळता ढवळता हसून म्हणालात, "हेंचे मी रोज मोजतंय. हेंका वाटता, बायलेक हात धरूची हौस आसा." मला तेव्हा फक्त हसू आलं होतं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर त्या वाक्याचा अर्थ कळला, आणि तेव्हा रडूही आलं.

ही सगळी आठवण काढूनही, बाई, शुक्रवारी माझा निर्णय बदलला नव्हता. उलट घट्ट झाला. माझ्याकडे निदान घड्याळ नव्हतं, हिच्या हातावर चांगलं आहे, असा माझा हिशेब. शनिवारी सकाळी मी त्या चंदगडच्या बाईला बघायला मोठ्या वॉर्डात गेले. नाकाला नळी होती, पण चेहरा उतरलेला नव्हता. तिनं माझा हातच धरला. म्हणाली, "त्या पोरीवर लई वरडलासा म्हनं. नगा वरडू बाई. लई वेळ हात धरून बसलीती. एवढा वेळ कोन बसतंय?" मी विचारलं, किती वेळ? "आता काय सांगू. दोनदा धरला तिनं. एकदा सोडला, पुन्ना धरला."

न मोजणारी मुलगी दोनदा हात धरत नाही.

मुलीला लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर गाठलं. या वेळी आवाज चढवला नाही. "किती आले होते?" म्हटलं. तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "बत्तीस. दुसऱ्यांदा मोजले, तेव्हा एकतीस." मग वीस का लिहिलंस? तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "चार्टावर वर सगळीकडे वीसच होतं, मॅडम. बुधवारपासून. माकाच मोजूक येना असा वाटला." आणि मग, अगदी हळू, जणू माझीच काळजी वाटून, "वर तुमची सही होती."

होती, बाई. गुरुवारच्या ओळीत वीस होतं, दुसऱ्या एका मुलीच्या अक्षरात, आणि त्याच्यासमोर तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी वळणदार सही. त्या दिवशी सोळा चार्टांवर मी उभ्या उभ्या सह्या ठोकल्या होत्या, कारण कॉलेजची तपासणी जवळ आली होती आणि मला फायली पुऱ्या करायच्या होत्या. मी खाटेकडे पाहिलंच नव्हतं. या मुलीनं पेशंटकडे पाहिलं, दोनदा मोजलं, बरोबर मोजलं, आणि मग माझ्या सहीवर विश्वास ठेवला. व्हरांड्यात मी तिच्यावर ओरडत होते तेव्हा तिला हे सगळं माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडावर फेकता आलं असतं. तिनं फेकलं नाही. मी दुसऱ्या वर्षाला सेकंदकाट्याबद्दल जशी गप्प राहिले, तशीच तीही राहिली. फक्त मी स्वतःला झाकत होते, आणि ती मला.

आज रविवार. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अहवाल लिहिला. दीड पान झालं. विद्यार्थिनीनं श्वास दोनदा मोजले व ते बरोबर होते. आधीच्या नोंदी न मोजता केलेल्या असाव्यात. त्या नोंदी मी न तपासता सही केल्यामुळे ती गोंधळली. स्वतःचा आकडा न लिहिणं ही तिची चूक आहे, त्यासाठी तिला आणखी पंधरा दिवस माझ्यासोबत वॉर्डात ठेवावं. बाकी जबाबदारी माझी. शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा तेच लिहिलं. प्राचार्या काय म्हणतील कोण जाणे. मेमो तर मिळेलच. मुली वॉर्डात कुजबुजतील. कुजबुजू देत. पण त्या मुलीचं वर्ष वाचावं, असं मला मनापासून वाटतं, आणि वाचेल असंही वाटतं.

अहवाल लिहून झाल्यावर वहीचं हे पान काढलं, कारण एक गोष्ट अहवालात लिहिण्यासारखी नव्हती. तुम्ही शेवटी आमच्याच वॉर्डात होतात तेव्हाची. मी तिथं स्टाफ नर्स होते. दुपारची वेळ, भेटायला आलेली माणसं गेलेली, वर पंखा कुरकुरतोय. मी तुमचं मनगट धरलं. नाडी मोजून झाली, आणि हात तसाच धरून ठेवला. तुम्ही डोळे मिटले होते. मिनिट झालं, तरी मला हात सोडवेना. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "किती गो?" तुम्हांला फसवणं शक्यच नव्हतं, ती युक्ती तुम्हीच शिकवलेली. तरी मी म्हटलं, "वीस." तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. म्हणालात, "म्हणजे मी पण बसलंय भजनाक." चार्ट तुमच्या उशाशीच लटकत होता आणि तुम्ही चष्मा मागाल अशी मला भीती होती, म्हणून त्यावरही मी वीसच लिहिलं. बाहेर जाऊन डॉक्टरांना खरा आकडा सांगितला, उपचारात काही कमी पडू दिलं नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात. पण तो खोटा वीस लिहिलेला कागद तसाच राहिला, आणि तो लिहिणारी मीच आज त्या मुलीविरुद्ध अहवाल लिहायला बसणार होते.

अहवाल उद्याच्या पिशवीत ठेवलाय. हे पान कुठं पाठवणार? शिरगावच्या घराला कुलूप आहे, आणि कुलपाच्या आत तुम्ही नाही. बाहेर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजतोय, उंडे घ्यायला उठायला हवं. वहीत हे पान राहील, एवढंच. तुम्ही विचारलं होतंत, आणि मी तुम्हांला खरं उत्तर दिलं नव्हतं. पूर्ण मिनिट मोजले होते, बाई. चौतीस होते.